दांड्यावरची रेघ

शिंप्याच्या कानाला करकर खपत नसे. चाळीस वर्षे शिवणयंत्रापुढे बसलेल्या त्या माणसाचा नियम एकच होता: जिथे आवाज, तिथे तेल. म्हणून चार महिन्यांपूर्वी घरात आलेली सून त्याच्या दिवंगत बायकोच्या सायकलवरून कामाला निघाली आणि सीट पहिल्याच सकाळी कुरकुरली, तेव्हा त्याने कुणाला न सांगता यंत्राच्या तेलाची कुपी उचलली.

सून जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवी. उंच, मोजके बोलणारी. मुलगा नोकरीसाठी परगावी असल्यामुळे घरात उरत ती दोघे आणि त्यांच्यामधली अतिशय सभ्य अशी शांतता. तिला काय हवे-नको ते विचारायला शिंपी बिचके. रोज संध्याकाळी ती आत गेली, की तो जिन्याखाली जाऊन सीटच्या दांड्यावर दोन थेंब सोडी आणि आपले बोलणे झाले असे समजे.

त्या दिवशी ती पाय ओढत आली. पिशवी खाली ठेवून म्हणाली, “बाबा, उद्यापासून मी बसनं जाईन.”

“का गं?”

“गुडघे भरून येतात.” मग जमिनीकडे पाहत ती म्हणाली, “आणि तुम्ही बोलला नाहीत, तरी मला कळलंय. मी सीट वर घेते, तुम्ही ती आईंच्या मापाला आणता. रोज, दांड्यावरच्या बरोबर त्याच जुन्या रेघेवर. त्यांची सायकल तशीच राहावी असं वाटत असेल, तर माझं काहीच म्हणणं नाही.”

शिंप्याची सुई कापडातच राहिली. चार महिने ही पोर या घरात पाहुणीसारखी, अंग चोरून वावरत होती, ती यामुळे?

“मी? अगं, मला धड पाना धरता येत नाही! मी नुसतं तेल घालतो.”

“कुठं?”

“दांड्यावर. रोज. कुरकुरते ना, म्हणून. दोनच थेंब.”

मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. “बाबा, दांडा घट्ट बसायला हवा. तुम्ही त्याला रोज तेल पाजता आणि मी घसरगुंडीवर बसून कामाला जाते! गुडघे पार कानाला लागतात. तलावावरची पोरं बेडूक म्हणतात मला.”

ती हसली. शिंप्याला मात्र हसू येईना.

रोज सीट चढवावी लागत असल्याने पाना तिच्या पिशवीतच होता. दांडा उपसला, तो काळ्या तेलाने माखलेला. मधोमध रेघ: वर गंजाचा जाड खडबडीत थर, खाली गुळगुळीत चकाकी. वाटेत तिच्या वजनाने सीट कळणार नाही इतकी हळूहळू घसरत यायची आणि गंजाशी अडायची.

“वीस वर्षं तुझी सासू या उंचीवर बसली,” शिंपी हळूच म्हणाला. “तिनंच तुला रोज खाली ओढलं म्हणायचं.”

“ओढलं नाही हो, अडवलं. नाहीतर दांड्यासकट आत गेले असते.”

आता तोही हसला. चिंध्यांना रॉकेल लावून दोघांनी दांडा कोरडा ठणठणीत केला. दांडा आणि नळी यांच्यामधली फट भरायला पत्र्याची पट्टी हवी होती. सुनेने सरबताचा रिकामा डबा आणला आणि शिंप्याने खुंटीवरची मोठी कात्री काढली. त्या कात्रीने कागद कापला म्हणून मुलाने लहानपणी मार खाल्ला होता.

“बाबा, ती नको! कापडाची आहे.”

“असू दे. धार पुन्हा लावता येते.”

पत्रा कर्रकन कापला गेला. पट्टी दांड्याभोवती गुंडाळून बोल्ट आवळला. कुरकुर तर भलतीकडूनच येत होती. सीटखालचा नट सैल होता. पान्याचे दीड फेरे, आणि आवाज थांबला.

सून कोपऱ्यापर्यंत फेरी मारून आली. सीट जागची हलली नव्हती. शिंपी दारात वाट पाहत उभा होता.

“जमलं?”

एरवी ती “हो, छान” म्हणून आत गेली असती. आज तिने मान वाकडी केली. “अजून पाव इंच वर हवी.”

“पाव? अर्धा घे. पाय मोकळा राहील.”

“बरं, अर्धा. आणि बाबा, तुमच्या हातच्या जेवणात मीठ फार असतं.”

“मग इतके दिवस गप्प का बसलीस?”

“आता सांगतेय ना!”

“आण तो पाना इकडे,” शिंपी म्हणाला आणि बोल्ट ढिला करायला वाकला.