काचेवरचा थेंब

सावळा भोरहून परत आला तेव्हा दुपार झाली होती, आणि मेंढरं अजून वाडग्यात, काट्यांच्या कुंपणाआडच होती. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर ऊन चढल्यावर वाडग्यात मेंढरू राहत नाही. भुकेनं ती ओरडत होती आणि त्यांना सोडायला कुणी उठत नव्हतं. तिथंच त्याला कळलं. तरी तो पायवाटेनं नेहमीच्याच चालीनं वर गेला.

त्याची थोरली बहीण धोंडाबाई दारात बसली होती. त्याची बायको बयाबाई काल सकाळी गेली, असं तिनं सांगितलं. ऊन उंबऱ्यावर आलं, बयाबाईनं धनी आले का म्हणून विचारलं, आणि मान कलली. सावळा आज येणार हे ठाऊक होतं, पण तोवर थांबता येईना. सांजेला हिरड्याखाली माती दिली. फणीत अडकलेले केससुद्धा धोंडाबाईनं वेचून तिच्या उशाशी ठेवले होते. गेलेल्या माणसाचं काही मागं राहिलं तर ते वळून वळून बघत राहतं, असं तिथली माणसं मानत.

"समदं दिलं तिच्यासंगं," धोंडाबाई म्हणाली. "काय बी ठेवलं न्हाई."

सावळ्यानं खांद्यावरची घोंगडी उतरवून ठेवली. मग म्हणाला, "एक थेंब ऱ्हायलाय. भोरात."

बयाबाई चार महिने वाळत चालली होती. डाव्या बरगडीखाली दगडासारखं लागायचं, अंगावर निळे डाग उठायचे. हिवतापाच्या गोळ्यांनी काही झालं नाही. भोरचे डॉक्टर रघुवीरराव महिन्यातून एकदा वेल्ह्याला येत. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि दुसऱ्या काचेनं पसरला. बयाबाई हसून म्हणाली, "डाक्टर, उसना नेताय त्यो परत द्या बरं. माज्याकडं आदीच कमी हाय." डॉक्टरांनीही हसून कबूल केलं. आठ दिवसांनी सावळ्याला भोरला यायला सांगितलं.

तो गेला तेव्हा डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक दुर्बीण खिडकीशी ठेवली, तिच्याखाली ती काच सरकवली, खालचा बारका आरसा उन्हाकडे वळवला आणि त्याला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग पहाटेच्या धुक्यातून माळ उघडावा तसं काही उघडलं. फिकट गुलाबी टिकल्या, आणि त्यांच्यात जिकडंतिकडं मोठाले जांभळे ठिपके.

डॉक्टर म्हणाले, हे ठिपके म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. सावळ्याला त्या पांढऱ्या दिसेनात. रंग दिला म्हणून जांभळ्या, नाहीतर दिसल्याच नसत्या, असं डॉक्टरांनी समजावलं. हे त्याला पटलं. तोही मेंढरं ओळखू यावीत म्हणून गेरू लावायचा.

"हजारात एखादी दिसायला हवी," डॉक्टर म्हणाले. "इथं त्याच त्या आहेत. आणि पुरती वाढलेली एकही नाही."

"नुसती कोकरं," सावळा म्हणाला.

"हो. वाढतच नाहीत. आणि दुसऱ्यांना जागाही ठेवत नाहीत."

औषध आहे का, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. सावळ्यानं पुन्हा डोळा लावला. डॉक्टर बोटानं काच हळूहळू सरकवत होते आणि कळप चाललेला दिसत होता, आवाज नाही, धूळ नाही. मग आरशावरचं ऊन सरकलं आणि आत अंधार झाला. तेव्हा तो निघाला. तेच ऊन त्याच घडीला पासलीला उंबऱ्यावर आलं होतं, हे त्यानं नंतर जुळवलं.

तेराव्यानंतर त्यानं बयाबाईच्या पायथ्याशी ओंजळभर खड्डा खणला, कडेला तीन धोंडे आणून ठेवले आणि काच आणायला भोरला गेला. डॉक्टरांना बयाबाईचं बोलणं आठवत होतं. त्यांनी काच कागदात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवली. नखाएवढंही वजन नव्हतं.

"येकदा बघू द्या," सावळा म्हणाला.

आरशात ऊन घेतलं. कळप होता तिथंच होता. त्याला वाटलं, हा कळप हाकत ती पुढं गेलीय, जरा वर टेपाडापलीकडं, हाक मारली तर ऐकू जाईल. मातीखाली ही काच कोण उन्हात धरणार?

त्यानं काच परत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं की रंग कायम टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत उडत जातो. सावळ्यानं मान हलवली आणि उत्रोलीच्या भातखाचरांकडं बघत गावाबाहेर पडला.

काच कधी आणणार, असं धोंडाबाई दर अमावास्येला विचारते. तो म्हणतो, पुढल्या बाजाराला जाईन. त्याला दोन पावसाळे झाले. काच भोरलाच आहे, आणि हिरड्याखालचा खड्डा बुजवायचा राहिला आहे.