राजुरीच्या जाळीतली सायकल

मित्रांनो, मी एक सायकल आहे. जुनी म्हणावी इतकी माझी वर्षं झालेली नाहीत. पण एका जागी उभं राहून कुणी म्हातारं होत असेल, तर मी झालेच आहे. माझा जन्म डोंगरात पळण्यासाठी झाला. पुढच्या चाकाला दणके झेलणारे दांडे आणि मागच्या चाकासाठी फ्रेमच्या पोटात बसवलेला हवेचा शॉक, अशी माझी घडण. याला फुल सस्पेन्शन म्हणतात. उगीच मिरवत नाही, पुढची गोष्ट कळावी म्हणून आधीच सांगते.

पुण्यातल्या एका दुकानात मी मधल्या रांगेत उभी असायचे. वरच्या रांगेत कार्बनच्या नटव्या सायकली होत्या, करंगळीवर उचलाव्यात इतक्या हलक्या. खालच्या रांगेत दिसायला माझ्यासारख्याच, पण त्यांची मागची स्प्रिंग नुसती शोभेची. येणारा माणूस एक तर वर बघून उसासा टाकायचा, नाही तर खालची घेऊन जायचा. मधल्यांकडे बघतो कोण! आणि मग एक दिवस राजुरीची आरती आली.

आरती आळेफाट्याजवळच्या एका अकॅडमीत पोलीस भरतीच्या मुलींना पळायला शिकवायची. आहुप्याच्या पठारावर दिवाळीच्या सुमारास सायकलींची शर्यत होते, तिच्यात ती आदल्या वर्षी मैत्रिणीची सायकल मागून उतरली होती. त्या सायकलीला फक्त पुढे सस्पेन्शन होतं. खडकाळ उतारावर मागचं चाक लाथ मारल्यासारखं उडालं आणि आरती अर्ध्या वाटेतच आडवी झाली. हे तिच्या मनाला फार लागलं होतं. ती उतरण एकदा पुरी करायची, एवढं एकच तिनं धरून ठेवलं होतं.

पैसे तिचे स्वतःचे, साठवलेले, आणि बेताचे. दुकानदारानं तिला आधी वेगळ्याच वाटेला लावून पाहिलं. एवढ्याच पैशात पुढच्याच सस्पेन्शनची पण हलकी, भारी गिअरची सायकल मिळेल, असं त्याचं म्हणणं. नाही तर कुणीतरी वापरलेली कार्बनची एक होती. आरतीनं तिला आतून तडा गेला असेल तर कळणार कसं, एवढंच विचारलं. मग ती माझ्यासमोर चक्क फरशीवर बसली. शॉक हातानं दाबून पाहिला. मागचं चाक उचलून आडवं हलवलं, सांध्यात कुठं खडखडतंय का ते बघितलं. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले. सांध्यांचे बेअरिंग आणि शॉकमधली हवा आणि तेल धरून ठेवणारे रबराचे सील पुण्यात मिळतात का, हे खोदून खोदून विचारलं. माझं वजन तिनं माफ केलं, साधे गिअर माफ केले. शॉक आणि ब्रेक मात्र माफ केले नाहीत. रंग तर तिनं सगळ्यात शेवटी पाहिला. मातकट होता. चिखल दिसणार नाही म्हणाली. मित्रांनो, मला तेव्हा जे वाटलं ते सांगता येणार नाही. इतकं बारकाईनं मला कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

बरोबर तिचे वडील होते, सयाजीआण्णा. ते मोठ्या धीरानं माझ्यावर बसले. मी थोडी खाली दबले, दबायलाच हवं. आण्णा टुणकन उतरले आणि नवी वस्तू बसल्या बसल्या खचते कशी म्हणून दुकानदारावर डोळे वटारले. थोडं दबलं म्हणजे खड्ड्यात चाक खाली जाऊन जमीन धरतं, असं आरतीनं समजावलं. आण्णांना पटलं नाही ते नाहीच.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. उजाडायच्या आत आम्ही बाहेर पडायचो. ओढे, खडी, मुरूम, काही म्हणून सोडलं नाही. मी आरतीला एकदाही पाडलं नाही, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

मग उन्हाळ्याच्या अखेरीला आण्णांच्या पुतण्याला, समर्थला, उसाच्या वळणावर बिबट्यानं धरलं. तो मोटारसायकलवर होता म्हणून पायाच्या पोटरीवरच निभावलं. बिबट्या आमच्या भागात नवा नाही. पण घरातल्या माणसाचं रक्त पाहिलं की गोष्ट वेगळी होते. आठवड्याभरात आण्णांनी सगळ्या पडवीला लोखंडी जाळी मारून घेतली. आरतीची आई, कुशाबाई, बिबट्या मानच धरतो म्हणून उसात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधू लागली. आणि आण्णांची नजर माझ्याकडे वळली.

"आपुन उसाकडंला खाली वाकत न्हाई, पोरास्नी वाकू देत न्हाई," ते आरतीला म्हणाले, "आन् तू हिच्यावर बसून मैलभर वाकूनच जाती. वाकलेलं माणूस जनावराला शेळीवानी दिसतं. त्येला काय कळणार, आमची आरती हाय म्हणून?"

यात खोटं काही नव्हतं. पण आण्णांनी त्यावर जो उपाय काढला, तो ऐकून हसा किंवा रडा. आरती कामावर गेलेली असताना त्यांनी मला टेम्पोत घातलं आणि फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं. तिथं माझ्या हँडलला हातभर पाइप बोल्टनं आवळून ते छातीच्या वर नेलं. पोरगी ताठ बसेल आणि बिबट्याला लांबूनच माणूस दिसेल, असा त्यांचा हिशेब. ब्रेकच्या नळ्या ताणून अगदी तुटायला आल्या. शिंगं वर केलेल्या खोंडासारखी मी घरी आले आणि आण्णा माझ्याकडे लई कौतुकानं बघत राहिले.

आरतीनं मला पाहिलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. पाना आणून तो पाइप काढून ठेवला, हँडल जागेवर बसवलं. अशानं आपण उतारावर पहिल्याच दगडाला तोंडावर पडू, एवढंच आण्णांना म्हणाली. आण्णांना ते फार लागलं. लेकीसाठी आपण काही केलं आणि तिनं ते उखडून टाकलं, असं त्यांनी मनात घेतलं. त्याच संध्याकाळी जाळीच्या दाराला कुलूप लागलं. आरतीनं अकॅडमीला जायचं तर आण्णांच्या मोटारसायकलवर, उजेडात. सायकल बाहेर जाणार नाही.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. आरतीनं एक स्टँड आणला. त्यावर मागचं चाक अधांतरी धरायचं आणि जागच्या जागी पॅडल मारायचं. शॉक हलून त्रास होऊ नये म्हणून त्याची छोटी कडी फिरवून तो दबूच नये असा गोठवून टाकला. मी दगड झाले. चाक फिरायचं, घाम गळायचा, आणि समोर तीच जाळी, तोच गोठा, तोच तुळशीचा कट्टा. अख्खा पावसाळा मी असा काढला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "काय राव, पिंजरा बिबट्याला लावलाय का आरतीला?" ती मान वर न करता पॅडल मारत राहायची. पण तिचे पाय मला कळत होते, मित्रांनो. सुरुवातीला त्या पायांत राग होता. नंतर नंतर तोही राहिला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

नवरात्र संपलं तेव्हा आहुप्याची वैजयंती वडिलांना घेऊन आली. ती आरतीबरोबर अकॅडमीत शिकवायची. तिचे वडील, चिमाजी, वाघबारशीचं आवतण घेऊन आले होते. आपल्याकडे वसुबारशीला गाय-वासरू पुजतात, त्याच दिवशी तिकडं डोंगरात वाघोबाला निवद दाखवतात. शर्यत वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी होती. आण्णांनी चहा दिला, पण आरती येणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. तुम्हाला भीती वाटत नाही का, असंही विचारलं. चिमाजी म्हणाले, "वाटती की पावणं. म्हून तर निवद दावतो."

पाहुणे गेले. आण्णा कुलूप लावायला उठले. कुशाबाई उसातून नुकतीच आली होती आणि पट्टा सोडत होती. तिनं तो आण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"मी रोज उसात जाती," ती म्हणाली. "वाकूनच खुरपती. मला न्हाई कदी कुलूप लावलं तुमी. कामाला जाती तवा माजं भ्या वाटत न्हाई का?"

आण्णा उभ्याचे खाली बसले. मलाही लाज वाटली. इतके महिने मी फक्त माझंच दुःख कुरवाळत होते, तिच्या गळ्यातले खिळे मी रोज पाहत असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडल्यावर आण्णांनी दार उघडलं. आरती शॉकची कडी मोकळी करून मला घेऊन बाहेर पडली, आणि मागून आण्णा मोटारसायकलवर, आवाजानं जनावर बाजूला व्हावं म्हणून खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं भजनं लावून. शर्यतीपर्यंत रोज अशीच आमची वरात निघायची. गावानं पोट धरधरून हसून घेतलं. आण्णांनी कुणाकडे बघितलं नाही.

वाघबारशीला पिकअपमध्ये मला आडवी घालून बापलेक निघाले. शिनोलीला चहा झाला, आणि दुपारी आहुपं. वाघोबा कोरलेल्या, शेंदूर लावलेल्या लाकडी पाटासमोर सगळे हात जोडून उभे राहिले. आण्णा सर्वांत शेवटपर्यंत तिथंच होते. पुटपुटत होते, पण मी शेजारीच टेकलेली असल्यानं मला ऐकू आलं. "लेक माजी वाकून येणार हाय. माणूस हाय ती. वळख ठेव."

सकाळी शर्यत सुरू व्हायच्या जागी आण्णा माझी सीट धरून उभे. देवराईच्या बाहेरून उतरणारी ती वाट दगडांची आणि अरुंद, तिथं मोटारसायकल जाणार नव्हती. शिट्टी वाजली, बाकीचे सुटले, तरी त्यांचा हात सुटेना. आरतीनं मागं वळून पाहिलं नाही आणि हात झटकलाही नाही. ती थांबली. मग हळूच सीटवरचं ओझं हललं, आणि आम्ही निघालो.

काय सांगू! पहिला दगड आला आणि माझं मागचं अंग सुटलं, दुसरा आला, तिसरा आला. मी जमीन धरत होते. आदल्या वर्षी ती जिथं पडली होती तो उतार मी गिळून टाकला. आणि तिथून थोडं पुढं शॉकमधून फुस्स झालं. तेल ओघळलं, हवा गेली, मी खचले. गोठवून ठेवलेल्या त्या महिन्यांत आतलं रबर कोरडं पडलं होतं. मला वाटलं, संपलं. पण आरती सीटवरून उठली, पॅडलवर उभी राहिली आणि सगळे दणके स्वतःच्या गुडघ्यांवर घेत तिनं मला शेवटपर्यंत नेलं. पुष्कळजण आमच्या पुढं निघून गेले होते. पण उतरण पुरी झाली.

खाली आण्णा पिकअपमधून सडकेनं आधीच येऊन उभे होते. लेकीला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि मग त्यांना माझ्या पोटावरचं तेल दिसलं. चेहरा उतरला.

"म्या फाट्यावर नेली व्हती, त्येनं बिघडली का गं?"

"न्हाई आण्णा," आरती म्हणाली. "त्यानं न्हाई. पळवून पण न्हाई. उभी ठेवून बिघडली."

आण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि खाली बसून ते तेल पुसायला घेतलं. बराच वेळ पुसत होते.

मित्रांनो, आता नवं सील घालून मी बरी आहे. बिबट्या अजून उसात आहे आणि आण्णांची भीती कधीच खोटी नव्हती, म्हणून दारं सताड उघडी टाका असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांना एका जागी ठेवून तुम्ही जपत असाल, तर ते आतून सुकतात आणि वरून कुणाला दिसत नाही. आमच्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. भीती वाटत असेल तर मागून या, मोठ्यानं भजनं लावून या. पण आम्हाला बाहेर न्या.