एक मिनिटाचा थांबा

बाकी सहाशे.

दौंडकडून येणारी सकाळची पॅसेंजर बाभळदरा हॉल्टवर एकच मिनिट थांबे. संध्याकाळी नगरहून परतताना आणखी एक. पत्र्याची खोली, एक कडुनिंब आणि कमिशनवर तिकिटं विकणारा सहादेव, एवढंच तिथलं स्टेशन. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला वरून पत्र आलं : या महिन्यात सहाशे तिकिटं खपली नाहीत, तर गाडी इथं थांबणार नाही.

सहादेवचा धाकटा भाऊ मच्छिंद्र रोज याच गाडीनं नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात कामाला जाई. तो म्हणाला, "दादा, गाडी बंद झाली तर मला नगरातच खोली बघावी लागंल. बायको-लेकीला घिऊन."

सहादेवनं पत्र घडी करून खिशात घातलं आणि तसाच गावात निघाला.

बाकी पाचशे चाळीस.

लोक तिकीटच काढत नसत, ही खरी गोम.

"भिमाजीआबा, उद्यापासून तिकीट काढायचं."

"आरं, गार्ड वळखीचा हाय माझ्या! जलमभर फुकट गेलो, आन् आता म्हातारपनी इमानदार हू व्हय?"

"महिनाभर व्हा."

"महिनाभर व्हतो. जास्त न्हाई सोसायचं."

आणि म्हातारा खरंच रांगेत उभा राहू लागला.

बाकी तीनशे नव्वद.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावातली शेवटची विहीर माघात आटली.

मग खिडकीवर गाठोडी आली. कोंबड्या आल्या. "पाच फुल, दोन हाफ." सहादेव सवयीनं विचारी, "परतीचं देऊ?" समोरचा माणूस कडुनिंबाकडं बघे. एकेरी तिकिटांची चवड रोज उतरत गेली, परतीची होती तेवढीच राहिली. वहीत आकडा मांडताना सहादेवला बरं वाटे, आणि बरं वाटल्याची लाज वाटे.

भिमाजीआबाही गाठोडं घेऊन आला. "काढलं बघ तिकीट," म्हणाला. हसला नाही.

बाकी तीन.

अठ्ठावीस तारीख. मच्छिंद्र, मागं त्याची बायको भागूबाई, तिच्या कडेवर झोपाळलेली पोर.

"मच्छिंद्रा, तीनच ऱ्हायली! हॉल्ट वाचला. आता घरूनच जा की रोज."

"गाडी वाचली दादा. रांजनात पानी कुठंय?" मच्छिंद्रनं खाली बघितलं. "खोलीला नळ हाय. दोन फुल, एक हाफ दे."

भागूबाईनं पदर डोळ्यांना लावला. सहादेवनं काही न विचारता परतीच्या चवडीतली तीन तिकिटं काढली, शिक्का मारला.

"आरं दादा, परतीचं दोन दिसांत बाद व्हतंय."

"असू दे. ठेव खिशात."

शून्य.

थांबा कायम केल्याचं पत्र मार्चात आलं. सहादेवनं ते दाराला चिकटवलं. वाचायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी नगरहून गाडी आली, थांबली. कुणी उतरलं नाही. गार्डनं हिरवा झेंडा काढला.

"काय रे सहादेव, कुणीच नाही. सोडू का?"

"थांबा सायेब. मिनिट व्हायचंय."

आणि तो एकेका खिडकीत डोकावत शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेला.