शोधायला गेलेली जहाजं

“मधलं गाळलंस,” कप्तान खेकसला. “कोळसा संपतो ते कुठंय? वरून वाच.”

बायकोनं वरून वाचायला घेतलं. शाळेशी तिचा संबंध जेमतेम, जोडाक्षर आलं की जीभ अडखळायची. पण नवऱ्याचे डोळे गेल्यापासून त्याला वाचून दाखवायला दुसरं होतं कोण? दिवसभर इस्पितळाच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी शिवायच्या आणि घरी येऊन चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच पुस्तकातल्या त्या बर्फात अडकलेल्या जहाजावर चढायचं.

कप्तानानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात तो बॉयलर सांभाळायचा. कप्तान हे नाव तिथल्याच टवाळांनी ठेवलेलं. एकदा रद्दीत त्याला एक पुस्तक सापडलं. ध्रुवाकडे निघालेलं जहाज, आणि त्यावरचं कुणीच परत आलं नाही. झालं, स्वारीला वेड लागलं. त्या एकाच जहाजाविषयीची पुस्तकं जमवून त्यानं भिंतीवरची फळी भरली. कुणी लिहिणारा म्हणे डब्यातलं अन्न नासलं, कुणी म्हणे नकाशाच चुकीचा. कप्तानाचं मत ठाम होतं, की बॉयलरवाला झोपला, आग विझली, खेळ खलास. शेवटच्या तंबूत गोठलेल्या त्या परक्या माणसांसाठी हा गडी डोळे पुसायचा. पोटच्या पोरीसाठी मात्र त्यानं कधी टिपूस गाळलं नाही.

पोरगी आपल्या मनानं लग्न करून गेली तेव्हाच त्यानं बजावलं होतं, आपल्यासाठी ती मेली, तिचं नाव या घरात निघता कामा नये. बायकोनं काढलं नाही. मनात रोज काढलं, तोंडानं कधी नाही. याची आता तिला स्वतःचीच चीड यायची.

डोळे गेले आणि कप्तानाचा पीळ सुटला. एका सकाळी तो तिचा हात चाचपत म्हणाला, “पोरीला बोलावून घे. माझं चुकलं म्हणावं.”

हे ऐकायला तिचे कान किती वर्षं आसुसले होते. त्या दिवशी ती कामावर उडतच गेली. कपडेखोलीत एक नर्स पेशंटचे गाऊन न्यायला आली होती, दुसऱ्या गावाहून बदली होऊन आलेली. आनंद पोटात मावेना, म्हणून बायकोनं तिला सगळं सांगून टाकलं. गाव कुठलं, जावई काय करतो, नवऱ्याची ती पुस्तकं, सगळं.

नर्सनं गाऊन खाली ठेवले आणि तिला शिवणयंत्र थांबवायला सांगितलं.

“मावशी, तुमची पोर माझ्याच वॉर्डात आजारी होती. जहाजाच्या गोष्टी सांगायची आम्हाला. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आईला बघायचंय म्हणायची. आम्ही तुमच्याकडे माणूस धाडला होता की. काकांनी दारातूनच परत धाडला. आम्हाला अशी कुणी मुलगी नाही म्हणाले. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

बायकोनं हातातली चादर शिवून पुरी केली आणि यंत्रावर कापड घालून ती घरी आली.

“निरोप गेला का गं?” दाराच्या आवाजासरशी कप्तानानं विचारलं.

वाटेत तिनं ठरवलं होतं की तोंडावर सांगायचं, तुम्ही मारलीत तिला. पण सांगितलं असतं तर तो रडला असता, ऊर बडवून घेतला असता, लोक समजूत काढायला आले असते आणि चार महिन्यांत गडी सावरला असता. ते तिला नको होतं.

“गेला,” ती म्हणाली. “येते म्हणालीय. नातू आहे तुम्हाला, शाळेत जातो.”

“कुणासारखा दिसतो?”

“तुमच्यावर गेलाय.”

त्याला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलली असं कुणी म्हणेल, तर तो साफ चुकला. तिनं पोरीची जुनी खाट मांडली, कडक इस्त्रीची चादर घातली. कप्तान येताजाता त्या चादरीवरून हात फिरवायचा. पोरगी कधी नातवाच्या परीक्षेमुळे अडली, कधी जावयाला रजा मिळाली नाही. कप्तान आता रोज चाचपडत दाढी करू लागला, पाहुणे आले तर गबाळं दिसायला नको म्हणून. हनुवटी कापली जायची. बायको समोर बसून बघायची आणि वस्तरा हातातून घ्यायची नाही. तिला त्याची दया येत नव्हती. सुखही वाटत नव्हतं, पण थांबावंसंही वाटत नव्हतं.

नातवाला जहाजाची गोष्ट कुठून सांगायला घ्यावी, याचा तो दिवसभर खल करायचा. एका संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं तसा तो म्हणाला, “तंबूचं नको आज. लहान पोर घाबरेल. शोधायला गेले त्यांचं वाच.”

तिनं वाचलं. पहिलं जहाज रिकामं परतलं. दुसऱ्याची शिडं फाटली. लोकांनी नाद सोडा म्हटलं, तरी बंदरातून तिसरं निघालं. सगळी पुस्तकं तोंडपाठ असलेला कप्तान पुढं सरकून ऐकत होता.

“सापडतात ना गं ते?” त्यानं विचारलं.

“सापडतात,” ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.