स्किर्ल लॉवरचा पाहुणा

स्किर्ल लॉ या डोंगराच्या माथ्यावर कुणी आपल्या माणसाची राख सोडून गेलं, की प्रादेशिक उद्यानाचे स्वयंसेवक त्या राखेला ‘पाहुणा’ म्हणत. शब्द विलमाचा. विलमाने जन्मभर एडिंबराच्या बसगाड्या चालवल्या होत्या; माणूस जिवंत असो वा नसो, तिच्या हिशेबी तो उतारूच. महिन्याच्या पहिल्या शनिवारी धापा टाकत वर पोचलं की ती जमीनमोजणीसाठी उभारलेल्या जुन्या खांबाभोवती एक फेरी मारायची आणि ओरडायची, “आज दोन पाहुणे! एक जाडा, एक बारीक!”

मग खुरपी आणि मऊ ब्रश निघायचे. ताजी राख अलगद गोळा करून पिशवीत भरायची, खाली न्यायची आणि ओढ्याकाठच्या रोवन झाडाच्या बुंध्याशी ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. नातेवाइकांना याचा पत्ता नसे. उद्यानाच्या रखवालदारांना होता, पण ते दुसरीकडे बघत.

हे करावं लागे ते शेवाळासाठी. स्किर्ल लॉचा माथा करड्या, लोकरीसारख्या शेवाळाने मढलेला आहे. त्याला मुळं नाहीत. पाऊस आणि धुकं यांतून जे मिळेल तेवढ्यावर ते जगतं, आणि वर्षाला नखाएवढंही वाढत नाही. ती जागा उपाशी आहे म्हणूनच ते तिथे टिकून आहे. माणसाची राख म्हणजे बहुतेक हाडंच, आणि हाडं म्हणजे खत. राख पडली की दोन उन्हाळ्यांत तिथे गवत उठतं आणि शेवाळ गुदमरतं. खांबाभोवती हिरवळीचं एक कडं झालं होतं आणि ते दर वर्षी थोडं पसरत होतं. येणारे-जाणारे नेमके त्याच हिरवळीवर बसून डबे उघडत.

हे सगळं लोकांना पटवून देण्याचं काम आयल्साचं होतं. ती विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवत असे. माथ्यावरच्या शेवाळात अभ्यासासाठी पाच चौकटी तिने आखल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही दर ऑगस्टअखेर त्यांची पाहणी तीच करत होती. खालच्या गाडीतळावरचा फलकही तिनेच लिहिला. तिने आधी लिहिलं होतं, ‘माथ्यावर राख टाकू नये.’ ड्यूगलने, तिच्या नवऱ्याने, वाचून पेन्सिलीने शब्द बदलला. “चुलीतली राख टाकतात, आयल्सा. माणसाची ठेवतात.”

पाहुणे खाली न्यायची पद्धतही ड्यूगलचीच. पिशवी झाडाशी रिकामी करताना तो टोपी काढून हातात धरायचा.

ड्यूगल फेब्रुवारीत गेला. त्याची राख पुठ्ठ्याच्या एका जाड नळकांड्यात मिळाली. आयल्साने ती घरी आणून जिन्याखालच्या कपाटात, धूळ ओढायच्या यंत्राशेजारी ठेवली आणि दार लावलं. त्यानंतर ती घर हातझाडूने झाडू लागली.

तिचा मुलगा स्ट्रूअन ॲबरडीनला जहाजांवर काम करायचा. मागच्या आठवड्यात तो चार दिवस येऊन राहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने विषय काढलाच.

“आई, बाबांना आता कायमचं झाडूच्या कपाटात ठेवायचं का?”

“मला ठरवू दे.”

“फेब्रुवारीपासून ठरवतेयस. त्यांची जागा वर आहे. तुलाही ठाऊक आहे.”

“वर नाही.”

“का? फलक तू लिहिलास म्हणून?”

“हो. म्हणूनच.”

“कमाल आहे तुझी,” तो म्हणाला. “नवऱ्यापेक्षा शेवाळ जवळचं.”

आयल्साने ताटल्या उचलल्या. तिला त्याला लीथच्या त्या बाईविषयी सांगायचं होतं. गेल्या पावसाळी वसंतात ती बाई आईची राख छातीशी धरून चढत होती, तेव्हा आयल्साने तिला अर्ध्या वाटेवर गाठून सगळं शास्त्र समजावलं होतं. “एकाच माणसाची तर आहे,” बाई म्हणाली होती. “प्रत्येकाचं एकच असतं,” आयल्सा म्हणाली होती, आणि ती बाई रडत रडत डबा घेऊन परत उतरली होती. त्या बाईला परत पाठवणाऱ्या आयल्साने आता आपलं माणूस वर कसं न्यायचं? पण सांगायला सुरुवात कुठून करावी ते तिला कळेना. रविवारी सकाळी स्ट्रूअन पाठपिशवी अडकवून “फिरून येतो” म्हणून गेला, दुपारी आला, तिला घट्ट मिठी मारली आणि गाडीने निघून गेला. भांडण मिटलं असं तिला वाटलं.

त्यानंतर आठवडाभर पाऊस पडला. शनिवारी उघडला, पण ढग डोंगरावरून हलला नाही.

त्या दिवशी तिघंच जमली: विलमा, आयल्सा आणि रेल्वेतून निवृत्त झालेला लॅची. लॅचीच्या पाठीवर नेहमीप्रमाणे दोन फावडी, दोरखंड आणि स्टोव्ह होता.

“लॅची, एवढं सामान घेऊन राहायला चाललास का?” विलमा म्हणाली. “बायकोनं बाहेर काढलं की काय?”

“बायको म्हणाली, विलमा येणार असेल तर कानात घालायला कापूस ने. तोच विसरलो.”

“तरी तिला म्हटलं होतं मी, याच्याशी लग्न नको करूस.”

“तू म्हटलंस म्हणूनच केलं तिनं.”

वाटेत त्यांनी दगडगोट्यांनी बुजलेले पाण्याचे चर मोकळे केले. तुंबलेलं तपकिरी पाणी खळाळून सुटलं. ड्यूगल गेल्यापासून हे दोघं तिच्यासमोर जरा जास्तच भांडत, हे आयल्साच्या लक्षात आलं होतं. तिला ते चालत होतं.

माथ्यावर पंधरा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. विलमा खांबाभोवती फिरून आली. “आज गाडी रिकामी! एकही पाहुणा नाही. लॅची, पेटव स्टोव्ह.”

आयल्सा चौकटींकडे गेली. त्या खांबापासून दूर, उताराच्या कडेला होत्या. चार चौकटींत तिने काही ना काही बदल करून पाहिले होते. पाचवीला मात्र कधीच हात लावलेला नव्हता. बाकीच्यांची तुलना तिच्याशी करायची, एवढंच तिचं काम. तिच्या कोपऱ्यांच्या लोखंडी खुंट्या शेवाळात बुडवून टाकल्या होत्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. त्या कुठे आहेत हे आयल्साला ठाऊक होतं आणि ड्यूगलला ठाऊक होतं. आणि स्ट्रूअनला, कारण लहानपणी मोजपट्टीचं दुसरं टोक तो धरायचा.

पाचव्या चौकटीत शेवाळ पांढुरकं दिसलं. तिला आधी दगडफूल वाटलं. मग ती वाकली.

पिठी चाळून पसरावी तशी राख पसरली होती. खुंटीपासून खुंटीपर्यंत, सगळीकडे सारखी, आणि चौकटीबाहेर जवळजवळ कणही नाही. कुणीतरी गुडघे टेकून, वाऱ्याकडे पाठ करून, खूप वेळ खपून केलेलं काम होतं ते.

मागून विलमाचा आवाज आला. “अगं, आहे की एक! आणि जागा बघ कशी धरलीय, खिडकीजवळची!”

“पहिल्या वर्गाचं तिकीट असणार,” लॅची म्हणाला.

“काय हो साहेब, खांबापाशी सगळे दाटीवाटीनं बसतात, तुम्हालाच बरी ऐसपैस...” विलमाने पुढे येऊन आयल्साच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती थांबली.

“ड्यूगल आहे,” आयल्सा म्हणाली.

मागे स्टोव्ह फरफरत होता. लॅची जाऊन तो बंद करून आला.

“माझी जीभ झडो,” विलमा म्हणाली.

“त्याला चाललं असतं. तो हसला असता.”

“तू...?”

“मी नाही. स्ट्रूअन.”

विलमा तिच्याशेजारी बसली. तिचे गुडघे वाजले.  मग म्हणाली, “हे बघ, आम्ही काही पाहिलं नाही. हो ना रे, लॅची?”

“या ढगात कुणाला काय दिसतंय.”

“मला दिसलं,” आयल्सा म्हणाली.

“अगं, एकटा ड्यूगल. एवढ्या मोठ्या डोंगराला एका माणसानं काय होतंय?”

आयल्साने तिच्याकडे पाहिलं. विलमाला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने मान खाली घातली. हे वाक्य या तिघांनी कितीतरी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं होतं.

आयल्साने बोट टेकवून पाहिलं. आठवडाभराच्या पावसाने राख घट्ट बसली होती. ओली होऊन ती शेवाळाच्या केसांत शिरली होती आणि वर पातळ पापुद्रा धरला होता. ब्रशने काही होणार नव्हतं. काढायची तर शेवाळासकट काढावी लागणार, आणि शेवाळ काढलं की चौकट संपली. न काढावी, तरी चौकट संपलेलीच. इतक्या वर्षांच्या पाहणीला आता तुलना करायला काही उरलं नव्हतं. हे सगळं तिच्या डोक्यात स्वच्छ, एकामागून एक आलं, आणि त्या स्वच्छपणाचा तिला राग आला. वाचवण्यासारखं एकच राहिलं होतं: उताराखालचं शेवाळ. पुढच्या पावसात पाणी इथलं खत घेऊन तिकडे जाणार होतं.

तो इथे राहावा असं तिला वाटत होतं. तिला ते फार वाटत होतं. इथे ती दर वर्षी येऊ शकली असती, आणि त्यासाठी कुणाला कारण सांगावं लागलं नसतं.

“खुरपी दे,” ती म्हणाली.

“मी करतो, आयल्सा,” लॅची म्हणाला. “तू जाऊन चहा घे.”

“नको.”

तिने हातमोजे काढले. खुरपी कडेने सरकवली तसं शेवाळ सुटून आलं, सतरंजीचा कोपरा उचलावा तसं. खाली काळी, बारीक खडीची माती होती. शेवाळाच्या उलट्या बाजूला काहीच धरलेलं नव्हतं. ते नुसतं ठेवल्यासारखं होतं. विलमा पिशवीचं तोंड उघडून धरून बसली. राखेत मसुराएवढे पांढरे कण होते. आयल्साने असे कण शेकडो वेळा हाताळले होते आणि त्यांच्याकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. आज प्रत्येक कण डोळ्यांत भरत होता, आणि ती भरभर हात चालवत होती, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करणं तिला जमलं नसतं.

लॅची वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. टोपी त्याच्या हातात होती.

काम झालं तेव्हा करड्या माथ्यावर एक काळा चौकोन उरला.

पिशवी ओल्या शेवाळाने जड झाली होती. ती आयल्सानेच खांद्याला लावली. उतरताना कुणी भांडलं नाही. रोवनच्या झाडाला लाल फळं लगडली होती आणि बुंध्याशी गवत गुडघाभर होतं. तिने पिशवी उलटी केली. राख आणि शेवाळ एकमेकांपासून सुटत नव्हतं, तसंच ठेवलं.

“इथं सगळे परके आहेत,” ती म्हणाली.

“परके कसले,” विलमा म्हणाली. “यातला एकेक त्यानंच उचलून आणलाय. ते काय त्याला ओळखणार नाहीत?”

घरी आल्यावर आयल्साने जिन्याखालचं कपाट उघडलं. नळकांडं होतं तिथेच होतं, झाकण नीट लावलेलं. तिने ते उचलून पाहिलं नाही. फोन घेऊन स्वयंपाकघरात बसली. स्ट्रूअनने पहिल्याच घंटेला उचलला.

“गेली होतीस वर?”

“हो.”

“मी सांगणारच होतो तुला, आई. खरंच.”

“चौकटीतच का रे?”

“तुम्ही दोघं तिथं शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसायचात ना. बाकी डोंगरभर भांडायचात. वाट कुठली, पाऊस येणार की नाही, डबा कुणी भरला. तिथं बसलात की नाही भांडायचात.”

“ती जागा कुणी हात लावू नये म्हणून ठेवली होती, स्ट्रूअन.”

“म्हणून तर,” तो म्हणाला. “मला वाटलं, तिथं त्यांना कुणी हलवणार नाही.”

आयल्साने टेबलाची कड धरली.

“आम्ही काढलं,” ती म्हणाली.

पलीकडे धक्क्यावरच्या पाखरांचा कलकलाट चालू होता. 

“सगळं?”

“नाही. सगळं निघत नाही. पावसानं खाली उतरलं होतं, ते मातीत गेलं.”

“म्हणजे बाबा आहेत तिथं.”

“दोन उन्हाळ्यांत तिथं गवत येईल,” ती म्हणाली. “थोपवता येणार नाही आता.”

त्याचा आवाज फुटला. “थँक यू, आई,” तो म्हणाला.

आई आपल्याला धीर देतेय असं त्याला वाटलं, हे तिला एका क्षणानंतर कळलं. तिने तोंड उघडलं. तसं नाही रे, असं म्हणायचं होतं. ती नुकसान किती झालं ते सांगत होती. पण तो रडत होता, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच, आणि तिने ते वाक्य गिळलं.

“पुढच्या शनिवारी येऊ का?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “मला दाखवशील ती जागा?”

दाखवायला एक काळा चौकोन होता. त्याच्यासमोर हा गुडघे टेकून बसेल आणि त्याला तिथे बाप दिसेल, आणि तिला शेजारी बसून काही बोलता येणार नाही.

“ये,” आयल्सा म्हणाली. “चांगले बूट आण. वाट निसरडी झालीय.”