शेवटचा ठोका पडेपर्यंत

मी एक जुनी लोखंडी रिंग आहे, मालट्रकच्या मागच्या चाकाची. मित्रांनो, आता मला टायर नाही आणि माझ्याखाली रस्ताही नाही. केनियातल्या एका डोंगरकड्यावरच्या शाळेत, सायप्रसच्या झाडाच्या फांदीला मी टांगलेली आहे आणि घंटा म्हणून वाजते. पण आधी मी धावायचे. ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

मोंबासाच्या बंदरातून मीठ किंवा सिमेंट भरून आमचा ट्रक निघायचा तो थेट युगांडाच्या सीमेपर्यंत. समुद्राकाठची दमट हवा मागे पडायची, रस्ता चढत जायचा, हवा विरळ आणि थंड व्हायची. मला ते चढ फार आवडायचे. उतारावर कुणीही धावतं. चढावर आपण कोण आहोत ते कळतं. एकदा एल्डोरेटच्या अलीकडे आम्ही मोठ्या खड्ड्यात आदळलो आणि माझी कड वाकली. वाकलेल्या कडेवर टायर हवा धरत नाही. मेकॅनिकने मला गॅरेजमागच्या गवतात टाकलं. एक कोंबडी माझ्यात बसून अंडी घालायला लागली, तेव्हा मी समजले की आपलं धावणं संपलं.

मग एक दिवस हेडमास्तर किमाइयो आले. त्यांनी दगडाने मला एकदा ठोकलं आणि कान लावून उभे राहिले.

"मास्तर, ही चाक म्हणून मेलेली आहे," मेकॅनिक म्हणाला.

"मग तर उत्तमच. शाळेतून पळून जाणार नाही."

अशी मी झाडावर आले. तीन तारांचा पीळ करून त्यांनी मला टांगलं. मला वाजवायचं काम शाळेच्या स्वयंपाकीणबाईंकडे आलं. त्यांचं नाव ताप्सुबेई, पण आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला आजी या अर्थाने 'कोगो' म्हणतात, म्हणून सगळ्यांच्या त्या कोगो. मका आणि घेवडा चुलीवर ठेवायचा, हात पुसायचे, लोखंडी कांब उचलायची आणि मला बडवायचं. शाळेचा नियम सोपा होता: शेवटचा ठोका पडायच्या आत जो फाटकातून आत आला, तो वेळेवर आला.

त्या शेवटच्या ठोक्याशी रोज कुणाची शर्यत असेल, तर ती सहावीच्या शिक्षिका स्कोला जेबिवोट यांची.

स्कोला लांब पल्ल्याच्या धावपटू होत्या. आमच्या भागात यात विशेष काही नाही. इथे दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे धावतात. पण बाकीचे धावून आले की झोपतात आणि स्कोला धावून आल्या की अपूर्णांक शिकवतात. पहाटे उठायचं, गाईचं दूध काढायचं, दोन मुलांचा चहा ठेवायचा आणि चौकात जमलेल्या धावपटूंबरोबर लाल मातीच्या रस्त्याला लागायचं. नवरा दूर नैवाशाला फुलांच्या मळ्यात कामाला. तो महिन्यातून एकदा यायचा. धावून परतताना स्कोला समोरच्या कड्यावरून शाळेकडे वळायच्या. तिथून त्या मला धुळीच्या एका ठिपक्यासारख्या दिसायच्या.

आणि तिथपर्यंत माझा आवाज जायचा! याचं कारण मला त्यांच्याच तासाला कळलं. ध्वनीचा धडा त्या वर्गात घेत नसत, माझ्याखाली घेत. अर्धी मुलं शाळेपुढच्या माळाच्या पार टोकाला, अर्धी इथे; ठोका ऐकू आला की हात वर करायचा. मला ठोकलं की जवळचे हात आधी वर जायचे आणि लांबचे मागाहून.

"आवाजालाही धावावं लागतं," स्कोला सांगायच्या. "तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर. आणि पहाटे जमिनीजवळची हवा थंड, वरची ऊबदार असते, तेव्हा वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो. म्हणून सकाळी तो लांब ऐकू येतो."

एकदा त्यांनी मुलांना एकमेकांची नाडी मोजायला लावली आणि स्वतःचं मनगटही पुढे केलं. मोजणारी मुलगी घाबरली. "म्वालिमू, तुमची नाडी इतकी हळू? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"माझं हृदय आळशी आहे गं," स्कोला हसल्या. "आमच्या घरात तेवढं एकच आळशी." म्वालिमू म्हणजे शिक्षिका, गावही त्यांना तसंच हाक मारायचं.

कोगो मला वाजवायला लागल्या की आधी समोरच्या कड्याकडे बघायच्या. ठिपका दिसला की हात थांबायचाच नाही. पटांगणात रांगेत उभी असलेली मुलं ओरडायला लागायची, "फाटक! फाटक!" आणि ठिपक्याचे पाय व्हायचे, पायांच्या स्कोला व्हायच्या आणि त्या वाऱ्यासारख्या आत यायच्या. मग धडाड् करून शेवटचा ठोका.

"कोगो, आज घंटा फार वेळ वाजली," हेडमास्तर म्हणायचे.

"म्हातारा हात आहे मास्तर. सुरू झाला की त्याला थांबायचं आठवत नाही."

माझ्या आयुष्यातले हे सर्वांत चांगले दिवस होते. मी स्वतः हलत नव्हते, पण माझ्यामुळे कुणीतरी धावत होतं.

मग शाळेत विजेची घंटा आली. हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर बसली. ती ठरल्या वेळी किर्र करायची आणि गप्प व्हायची. तिचा आवाज कड्यापर्यंत जात नव्हता आणि ती कुणाकडे बघतही नव्हती. माझी कांब चुलीतले निखारे सारायला गेली. मुलं माझ्यावर ओले मोजे वाळत घालू लागली. पावसात तारा गंजत गेल्या आणि तीनपैकी एक तार तुटली, तरी कुणी वर पाहिलं नाही.

स्कोलांना उशीर होऊ लागला. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी हेडमास्तरांनी त्यांना माझ्याखालीच थांबवलं. माणूस वाईट नव्हता, पण परीक्षेच्या वर्गाला पहाटेचे जादा तास घेणारं कुणी त्यांना हवं होतं.

"म्वालिमू, तुम्ही शिक्षिका आहात की टपाल? रोज कुठून तरी येऊन पोहोचताय."

"सर, निवड चाचणीपर्यंत थांबा. पहिल्या तिघींना जिल्ह्याच्या संघात घेणार आहेत."

"आणि तुम्ही चौथ्या आलात तर?"

स्कोलांनी घामाने भिजलेला रुमाल पिळला. "तर पहाटेचे तास मी घेईन. धावणं बंद."

"शब्द?"

"शब्द."

मला वाकलेल्या कडेतून थंडी शिरल्यासारखी वाटली. धावणं बंद होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

गावच्या मोठ्या मैदानाचं खोदकाम चालू होतं, म्हणून चाचणी आमच्याच माळावर ठरली. चुन्याने मार्ग आखला. दहा किलोमीटर, पंचवीस फेऱ्या. सकाळी पंच आले, टोपी-शिट्टीसकट, पण शेवटच्या फेरीला वाजवायची घंटा घरी विसरून. हेडमास्तर ऐटीत म्हणाले, "काळजी नको, आमच्याकडे विजेची आहे." आणि वीज गेलेली होती.

सगळ्यांनी एकदमच वर, माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी मोजे काढले. कोगोंनी चुलीतून कांब आणली, अजून कोमट होती.

पंचांनी त्यांना समजावलं, "आजी, सर्वांत पुढची मुलगी शेवटची फेरी सुरू करेल तेव्हा मी हात करीन. तेव्हा थोडी वाजवायची. बास."

"मला घंटा शिकवतोस?" कोगो म्हणाल्या. "तू या शाळेत होतास ना? तुला उशीर व्हायचा."

शर्यत सुरू झाली. सोळा जणी, बहुतेक स्कोलांपेक्षा कितीतरी लहान. शीला नावाची एक उंच, सडपातळ पोर पहिल्यापासून पुढे. स्कोला मधल्या घोळक्यात, खांदे सैल, नजर समोरचीच्या पाठीवर. फेऱ्या सरत गेल्या, घोळका ताणत गेला. विसाव्या फेरीला स्कोलांचा चेहरा पांढुरका पडला. त्या सहाव्या होत्या. मग पाचव्या झाल्या आणि पुन्हा सहाव्या. शीला शेवटच्या फेरीला आली तेव्हा स्कोला बऱ्याच मागे होत्या.

पंचांनी हात केला. कोगोंनी मला ठोकलं.

इतक्या दिवसांनी! माझं सगळं अंग झणझणलं. वरची दुसरी तार तटकन तुटल्याचं मला कळलं. आता मी एकाच तारेवर होते. दुसरा ठोका, तिसरा, चौथा.

"बास, आजी, बास!" पंच ओरडले.

"बास कसं? माझी पोर अजून बाहेर आहे!"

कोगो थांबल्या नाहीत. स्कोलांनी मान वर केली. त्या क्षणी त्यांनी काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांच्या सकाळींनी त्यांच्या पायांना एकच गोष्ट शिकवली होती: ही वाजत असेपर्यंत पोहोचता येतं. पाऊल लांबलं. हात उसळले. पाचवी मागे पडली!

हेडमास्तरांनी मुलांना दटावून बसवलं होतं. पण ही घंटा ऐकून कोण बसणार? सगळा माळ उभा राहिला. "फाटक! फाटक! फाटक!"

वळणावर चौथी आली. ती लढली. दोघी खांद्याला खांदा लावून पळत होत्या आणि मी तारेला विनवत होते, अजून थोडं, माझे आई, अजून थोडं. पंच कोगोंच्या दिशेने धावले, पण मध्ये हेडमास्तर उभे राहिले आणि खिशात हात घालून म्हणाले, "म्हातारा हात आहे साहेब. सुरू झाला की त्याला आठवत नाही."

चौथी मागे पडली. चुन्याची रेघ तीस पावलांवर, तिसरी दहा पावलांवर. तिसरीने मागे वळून पाहिलं. तिथेच ती चुकली. स्कोला छाती पुढे फेकून तिच्या शेजारून निसटल्या आणि रेघ ओलांडून गवतावर कोसळल्या. तिसऱ्या!

कोगोंनी शेवटचा ठोका घातला, सगळ्या ताकदीनिशी. आणि माझी तार तुटली.

मित्रांनो, मी पडले ती कडेवर. माळाला उतार होता. मी डगमगले, सावरले आणि निघाले. मी पुन्हा धावत होते! मुलं किंचाळत बाजूला झाली, खालून गवत सरकत होतं, वाकलेल्या कडेमुळे दर फेऱ्याला मी थोडी उडत होते. मी चुन्याची रेघ ओलांडली, गोल फिरत फिरत स्कोलांपासून चार हातांवर आडवी झाले.

हेडमास्तर धापा टाकत आले. "मी म्हणालो होतो, पळून जाणार नाही. चुकलो."

"ही कितवी आली?" कोगोंनी विचारलं.

"नोंद करत नाही मी तिची," पंच म्हणाले, पण ते हसत होते.

स्कोलांना अजून बोलता येत नव्हतं. त्यांनी हात लांबवून माझ्यावर ठेवला. त्या हातातली नाडी मला जाणवली. आळशी हृदय त्या दिवशी चांगलंच कामाला लागलं होतं.

संध्याकाळी कोगोंनी भोपळ्याच्या तुंब्यात कोळसा घासून मुरवलेलं आंबट दूध आणलं. जिंकून आलेल्याला आमच्याकडे तेच पाजतात. पहिला घोट स्कोलांनी घेतला, दुसरा हेडमास्तरांना मिळाला, आणि तळाशी उरलेले थेंब कोगोंनी माझ्यावर शिंपडले. पहाटेचे तास हेडमास्तर आता स्वतः घेतात. विजेची घंटा खोलीत आहे. वीज असली की वाजते.

मला आता जाड साखळी आहे. तुमच्याही शाळेत, घरात कुठेतरी माझ्यासारखं काहीतरी टांगलेलं किंवा कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याच्यावर मोजे वाळत घाला, हरकत नाही. पण अधूनमधून वर बघत जा, तार किती उरली आहे ते. आणि कधी घंटा वाजवायचं काम तुमच्या हाती आलं, तर वाजवण्याआधी एकदा रस्त्याकडे बघा.

आज थंडी आहे, आवाज लांब जाईल. समोरच्या कड्यावर धूळ उठली आहे. कोगोंनी कांब उचलली.