सेरवाच्या बोटांतला निरोप्या

मी सेरवाच्या बोटांतला निरोप्या बोलतोय. तुम्हांला मी दिसायचो नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मला घडवतात आणि शत्रू शिरला की "धावा रे!" असं ओरडायला पाठवतात. माझं आयुष्य औटघटकेचं. पण एक गेला की दुसरा तेच ओरडतो, म्हणून मी म्हणजे आमचं सगळं घराणंच समजा.

घाना देशातल्या कुमासी शहराजवळ सेरवाची फुफूची खानावळ आहे. फुफूच्या मऊ गोळ्यासाठी नवरा बोआदी उखळात उकडलेला कसावा कंद मुसळाने कुटतो आणि दोन घावांच्या मधे सेरवा उजव्या हाताने गोळा उलटते. तिला मलेरिया झाला तेव्हा मीच ओरडून फौज गोळा केली होती. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे काय बिनसलं, मलाही कळलं नाही. पेशींनी घरच्याच सांध्यांना चोर ठरवलं. मी हुकमाचा ताबेदार, ओरडत सुटलो. सेरवाची बोटं सुजली, सकाळी मूठ वळेना.

तिचे मामा ओफोरी तडक बोआदीवर घसरले. "जावईबापू, भाचीच्या बोटांवर मुसळ घातलंत! रिवाजाप्रमाणे माफीची अंडी आणि दारूची बाटली आणा."

"मामा, माझा घाव आजवर चुकला नाही हो!"

"मग बोटं काय वाऱ्याने फुगली?"

बिचाऱ्याने मामांना अंडी आणून दिली, बाटली आणून दिली. पण स्वतःच्याच हाताचा धसका घेऊन मुसळ खाली ठेवलं. खानावळ बंद पडायची वेळ आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं.

शेवटी सेरवा मामांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात पाहिले. दोन्हीकडचे तेच सांधे सुजलेले.

"गोळा डाव्या हातानेही उलटतेस?"

"अन्नाला डावा हात? शी! गिऱ्हाईक उठून जाईल की, बाई!"

"मग डाव्यावर मुसळ कसं पडलं?"

मामा छताकडे बघू लागले. रक्त तपासल्यावर बाई म्हणाल्या, "हा मुसळाचा मार नाही, संधिवात आहे. तुझ्याच रक्तातले निरोपे खोटी आरोळी ठोकताहेत."

औषध सुरू झालं आणि हळूहळू माझा आवाज उतरला. मामा अंडी परत घेऊन आले.

"आणि बाटली?" बोआदीने विचारलं.

"ती... औषधात गेली."

"कुणाच्या?"

"माझ्या."

सेरवा इतकी हसली की तिच्या हातातला गोळा उखळात पडला.

सेरवा, बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नकोस हं. माझी खोड अजून गेलेली नाही. पण आता रोज सकाळी मुसळाचा ठोका पडतो, तुझा हात झटकन आत जातो, झटकन बाहेर येतो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसून ऐकावंसं वाटतं.